अलकनंदेचें खोरें : रानें आणि माणसें

वर्गांतील भिंतीवरच्या नकाशांत गंगेची निळी रेघ आपण हरिद्वारापासून खालीं वाचीत जातों. तिच्या वरचा भाग तपकिरी रंगांत बुडालेला असतो, आणि परीक्षेंत त्यावर प्रश्नहि फारसा येत नाहीं. वस्तुतः 'गंगा' हें नांव सुरू होतें तें देवप्रयागला. तेथें दोन नद्या एकमेकींना मिळतात : गोमुखाकडून येणारी भागीरथी आणि बदरीनाथाकडून येणारी अलकनंदा. पुराणांनीं थोरलेपणाचा मान भागीरथीला दिला. पाणी मात्र अलकनंदेचें अधिक असतें. या लेखांत तिच्याच खोऱ्याची ओळख करून द्यावयाची आहे. डोंगर, रान, पाणी आणि माणसाचें घर हीं एकमेकांना किती घट्ट बांधलेलीं असतात, हें या खोऱ्यांत जितकें उघड दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

अलकनंदेचा उगम सतोपंथ आणि भगीरथ खरक या दोन हिमनद्यांच्या मुखाशीं आहे. तेथून देवप्रयागपर्यंतची तिची वाट सुमारें १९० किलोमीटरांची. म्हणजे लांबीनें ती कांहीं मोठी नदी नव्हे. पण तेवढ्या वाटेंत ती बदरीनाथाच्या ३,१०० मीटर उंचीवरून श्रीनगरच्या (काश्मीरचें नव्हे, गढवालचें) ५६० मीटरांपर्यंत उतरते. आपल्या सह्याद्रीचें सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचें आहे. म्हणजे दीड कळसूबाई एवढी ही उतरण झाली. वाटेंत तिला पांच ठिकाणीं मोठ्या नद्या भेटतात व त्या पांच संगमांना पंचप्रयाग म्हणतात. विष्णुप्रयागला धौलीगंगा, नंदप्रयागला नंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, रुद्रप्रयागला केदारनाथाकडून येणारी मंदाकिनी आणि अखेर देवप्रयागला भागीरथी. यांपैकीं धौलीगंगेकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. ती तिबेटच्या सीमेवरील नीती घाटाच्या बाजूनें येते. तिला रैणी या लहानशा गांवाजवळ ऋषिगंगा मिळते, आणि ही ऋषिगंगा ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवी शिखराच्या अगदीं कुशींतून निघते. रैणीचें नांव पुढें पुन्हां यावयाचें आहे.

हिमालय हा पर्वतांमध्यें वयानें लहान. त्याचे खडक दाबले जाऊन, मुरगळून, ठिकठिकाणीं भंगलेले आहेत, व भूमि अद्याप स्थिरावलेली नाहीं. २९ मार्च १९९९ रोजीं चमोली येथें झालेला भूकंप पुष्कळांच्या आठवणींत असेल. अशा डोंगराच्या अंगावर मातीचें जें पातळसें आवरण असतें, तें धरून ठेवण्याचें काम रान करतें. पावसाळ्यांत खालीं नदी तीर कुरतडीत असते आणि वरून पाऊस माती ओढीत असतो. या दोहोंच्या मध्यें झाडांचीं मुळें उभीं असतात.

हें रान सर्वत्र एकसारखें नाहीं. खोऱ्यांतून वर चढूं लागलें कीं पुस्तकाचीं पानें उलटावीं तसें तें बदलत जातें. खालच्या उन्हाळ उतारांवर चीड. याचा बुंधा सरळ, पानें सुईसारखीं, आणि खालीं वाळक्या सुयांची निसरडी गादी. दीड हजार मीटरांच्या सुमारास बांज भेटूं लागतो. हा ओकच्या जातीचा. पानें वरून गर्द हिरवीं, खालून रुपेरी. त्याच्याच सोबतीनें बुरांस आणि काफल उभे असतात. वसंतांत बुरांस फुलला म्हणजे काळसर हिरव्या रानांत लाल भडक झुबके पेटल्यासारखे दिसतात, आणि पुढें उन्हाळ्यांत मुलें काफलाचीं आंबटगोड फळें गोळा करीत हिंडतात. आपल्याकडचीं मुलें करवंदांसाठीं हिंडतात तशींच. त्याहून वर देवदार, खरसू, आणि शेवटीं भूर्ज. भूर्जाची साल पापुद्र्यापापुद्र्यानें निघते. आपल्या पूर्वजांचे किती तरी ग्रंथ या सालीवर लिहिले गेले. भूर्जाच्या वर झाड नाहीं. तेथें 'बुग्याल' म्हणजे गवताचीं विस्तीर्ण कुरणें लागतात, आणि त्यांच्या पलीकडे उघडा खडक व बर्फ.

चीड आणि बांज यांतील फरक खोऱ्यांतील कोणत्याहि बाईला विचारावा. बांजाचा पाला गुरें खातात. तोच गोठ्यांत अंथरून त्याचें खत होतें. त्याचें लाकूड चुलींत चांगलें जळतें. आणि बांजाच्या रानाखालीं झरा आटत नाहीं, असा तेथील पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे. चिडाचा पाला गुरें तोंडांत धरीत नाहींत, आणि उन्हाळ्यांत त्याच्या वाळक्या सुया ठिणगी पडतांच पेटतात. तरीहि गेल्या शतकाच्या आरंभापासून सरकारी वनखात्यानें जिव्हाळा दाखविला तो चिडाला. कारण चिडापासून राळ व टर्पेंटाइन मिळे आणि रेल्वेला स्लीपर मिळत. ज्या झाडाचा बाजार होता तें खात्याचें लाडकें ठरलें, ज्या झाडाचा संसार होता तें मागें पडलें. १८१५ सालीं इंग्रजांनीं गोरख्यांना घालवून अलकनंदेच्या पूर्वेकडील गढवाल आपल्या ताब्यांत घेतला होता. पुढें रानें 'राखीव' झालीं, गवतकाडीवर निर्बंध आले, आणि १९२१ सालीं कुमाऊं विभागांत लोकांनीं संतापून चिडाचीं रानें पेटवून दिलीं. त्यानंतर, १९३१ मध्यें, गांवानें स्वतः आपलें रान सांभाळावें यासाठीं 'वनपंचायतीं'चे नियम झाले. हा एक शहाणपणाचा निर्णय होता असें मला वाटतें. रान कोणाचें, हा प्रश्न त्यानें सुटला नाहीं, पण निदान तो मान्य झाला.

आतां माणसांकडे वळूं. खोऱ्यांतील गांवें नदीकांठीं थोडीं, डोंगराच्या खांद्यावर अधिक. दगडी भिंती, छपराला पाटीच्या दगडाच्या फरशा, खालीं गुरें व वर माणसें. भोंवतीं पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें. त्या शेतांत काय पिकतें हें ऐकून आपल्या कोंकण-गोव्याच्या मुलांना गंमत वाटेल. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. गहत म्हणजे आपले कुळीथ. चौलाई म्हणजे राजगिरा. एकाच शेतांत डाळी, तृणधान्यें व भाज्या मिसळून पेरण्याची 'बारहनाजा' नांवाची जुनी पद्धत आहे. एक पीक गेलें तर दुसरें हातीं लागावें हा तींतील हिशेब. पण शेत एवढेंसें, आणि पोट मोठें. म्हणून पुरुष पुष्कळसे बाहेर. कोणी सैन्यांत, कोणी मैदानांतील शहरांत नोकरीस. १८८७ सालीं उभारलेली गढवाल रायफल्स ही पलटण सर्वपरिचित आहे. पुरुष बाहेर गेल्यावर घर चालतें तें मनीऑर्डरीवर आणि बाईच्या पाठीवर. गवत, सरपण, पाणी, शेण, निंदणी, सारें तिच्याकडे. पहाटे विळा व दोर घेऊन ती रानांत जाते आणि डोक्याएवढा उंच भारा घेऊन उतरते. रान मागें सरलें कीं तिची वाट लांबते, हें साधें गणित आहे. त्याला वनशास्त्राची पदवी लागत नाहीं.

या बाईच्या आयुष्यांत रानाला एक दुसरेंहि नांव आहे. गढवालींत माहेराला 'मैत' म्हणतात. आम्ही कोंकणी बोलणारे 'कुळार' म्हणतों. शब्द निराळा, पण उच्चारतांना गळा दाटतो तो सारखाच. या प्रदेशाची देवी नंदा ही गढवालची माहेरवाशीण मानली जाते. दर बारा वर्षांनीं (तीं कधीं वाढतातहि; अलीकडील यात्रा २००० आणि २०१४ सालीं झाल्या) तिला सासरीं, म्हणजे कैलासीं, पोंचविण्यासाठीं 'नंदादेवी राजजात' निघते. पुढें चार शिंगांचा मेंढा चालतो, आणि नौटी गांवापासून रूपकुंडावरून होमकुंडापर्यंतची अवघड वाट लोक पायीं तुडवितात. आपल्याकडे भाद्रपदांत गौर माहेरीं येते व आपण तिला जेवूं घालतों. तेथें भाद्रपदांतच नंदेला सासरीं पाठवितात आणि गांवोगांवच्या बाया रडतात. गौरादेवी नांवाच्या ज्या बाईची हकीकत पुढें द्यावयाची आहे, तिनेंहि लाकूडतोड्यांना रानाची ओळख 'आमचें माहेर' अशीच करून दिली होती, असें सांगतात.

खोऱ्याच्या अगदीं माथ्यावर, नीती आणि माणा या घाटांच्या पायथ्याशीं, भोटिया लोक राहतात. मारछा आणि तोलछा या त्यांच्या शाखा. यांचीं घरें दोन : उन्हाळ्यांत वरचें, हिवाळ्यांत बर्फ पडण्यापूर्वीं उतरून खालचें. पूर्वीं हे लोक शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर थैल्या लादून धान्य, गूळ व कापड तिबेटांत नेत आणि तिकडून मीठ, टांकणखार व लोंकर आणीत. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर तो व्यापार कायमचा बंद पडला. एका रात्रींत सारी वस्ती बाजारपेठेच्या वाटेवरून सीमेच्या कडेला आली. लोंकर विणणें राहिलें, बटाटा व राजमा राहिला, आणि सर्वांत जवळचें रान राहिलें. युद्धानंतर सैन्यासाठीं डोंगरांतून मोटाररस्ते झाले. त्याच रस्त्यांवरून लांकडाचे ठेकेदारहि वर येऊं लागले.

आतां पाण्याची गोष्ट. सप्टेंबर १८९३ मध्यें बिरही नांवाच्या उपनदींत एक प्रचंड दरड कोसळली आणि सुमारें ९०० फूट उंचीचा बांध आपोआप तयार झाला. मागें गोहना तलाव भरूं लागला. अभियंत्यांनीं तेथें तळ ठोकला, हरिद्वारपर्यंत तारायंत्राची ओळ टाकली, झुलते पूल उतरवून ठेवले, लोकांना नदीकांठावरून हलविलें. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्रीं बांध फुटला. श्रीनगर शहर वाहून गेलें. माणसें मात्र पांचच दगावलीं, आणि तींहि एका फकिराचें कुटुंब, हलविल्यावर पुन्हां परत गेलेलें.

तलावाचा उरलेला भाग तसाच राहिला होता. जुलै १९७० मध्यें अतिवृष्टि झाली, दरडींनीं तो गाळानें भरून गेला आणि अलकनंदेला महापूर आला. बेलाकूची हें रस्त्यावरचें गांव नाहींसें झालें. शेकडों किलोमीटर खालीं हरिद्वारला निघणारा गंगेचा कालवा गाळानें बुजला. त्या वेळीं गोपेश्वरचे चंडीप्रसाद भट्ट व त्यांच्या दशोली ग्रामस्वराज्य संघाचे तरुण मदतीसाठीं गांवोगांव हिंडले. जेथें वरचें रान तुटलें होतें तेथें दरडी अधिक कोसळल्या, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. आपत्तींतून असें निरीक्षण करणारे लोक थोडे. बहुतेक जण दैवाला दोष देऊन मोकळे होतात.

या संघाचा एक छोटासा कारखाना होता. त्यांत शेतीचीं अवजारें बनत. बैलांच्या मानेवर ठेवावयाच्या जुंवासाठीं अंगू या हलक्या व चिवट झाडाचें लाकूड लागतें. १९७३ सालीं संघानें थोडीं झाडें मागितलीं तीं वनखात्यानें नाकारलीं, आणि तींच झाडें अलाहाबादच्या एका क्रीडासाहित्य बनविणाऱ्या कंपनीला दिलीं. जुंवाला नाहीं, पण टेनिसच्या बॅटीला आहे, एवढा साधा हा प्रश्न होता. झाडाला मिठी मारावी पण कुऱ्हाड लागूं देऊं नये असें ठरलें. हिंदींत चिकटण्याला 'चिपकना' म्हणतात. त्यावरून 'चिपको' हें नांव पडलें. एप्रिल १९७३ मध्यें मंडल गांवीं कंपनीचीं माणसें झाडें न तोडतां परत गेलीं.

पुढचा प्रसंग रैणीचा. ऋषिगंगेच्या वरील सुमारें अडीच हजार झाडांचा लिलांव झाला होता. २६ मार्च १९७४ या दिवशीं गांवांतील पुरुष चमोलीला गेले होते. सैन्यासाठीं घेतलेल्या जमिनींची बरींच वर्षें रखडलेली भरपाई त्याच दिवशीं देण्याचें ठरलें होतें. मजूर रानाकडे चालले आहेत हें एका मुलीनें पाहिलें व ती धांवत गौरादेवीकडे गेली. गौरादेवी ही तोलछा भोटिया. लाता गांवची लेक, रैणीची सून, लहान वयांत विधवा झालेली, आणि त्या वेळीं महिला मंगल दलाची प्रमुख. शाळेंत ती कधीं गेली नव्हती. सत्तावीस बाया व मुली तिच्याबरोबर निघाल्या. प्रथम त्यांनीं मजुरांना समजावलें. एकानें बंदूक रोंखली तेव्हां गौरादेवी तिच्यासमोर उभी राहिली. मजूर मागें हटले. बायांनीं रात्रभर पहारा केला. पुरुष परत आले तेव्हां काम झालेलें होतें.

शासनानें चौकशीसाठीं वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्रकुमार यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. समितीनें बायांचें म्हणणें मान्य केलें, आणि रैणीच्या वरच्या पाणलोटांत दहा वर्षें व्यापारी तोड बंद झाली. १९८०-८१ च्या सुमारास हजार मीटरांवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर डोंगरी प्रदेशांत बंदी आली. हें लोण दक्षिणेंतहि पोंचलें. सप्टेंबर १९८३ मध्यें उत्तर कन्नड जिल्ह्यांत शिरसीजवळ लोकांनीं झाडांना मिठ्या मारल्या. कानडींत त्याला 'अप्पिको' म्हणतात. शिरसी आपल्यापासून फार दूर नाहीं.

मात्र बाया आणि रान एका बाजूला व परके ठेकेदार दुसऱ्या बाजूला, असें सोपें चित्र रंगवूं नये. १९८० सालीं डुंग्री-पैंतोली येथें बांजाचें रान तोडून बटाट्याच्या बियाण्याचें शासकीय शेत करावयाचें ठरलें, आणि बदल्यांत गांवाला रस्ता, शाळा व दवाखाना देण्याचें आश्वासन मिळालें. गांवच्या पुरुषांनीं होकार दिला. बायांनीं नकार दिला. सरपणासाठीं रोज किती कोस चालावें लागेल हें पुरुषांना मोजावयाचें नव्हतें. रान वांचलें, पण घराघरांत भांडणें झालीं. दुसरीकडे, १९८२ सालीं नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झालें आणि लाता व रैणीच्या लोकांना त्यांचींच कुरणें बंद झालीं. गिर्यारोहकांबरोबर जाऊन मिळणारी हमालीहि गेली. ज्यांनीं रान राखलें त्यांनाच रानाबाहेर उभें केलें. १९९८ मध्यें लाताचे लोक 'झपटो-छीनो' अशी घोषणा देत आपल्या हक्कासाठीं उद्यानांत शिरले. रानाचें रक्षण म्हणजे माणसांना हांकलणें असें मानणाऱ्या खात्यानें ही गोष्ट लक्षांत घ्यावयास हवी होती.

७ फेब्रुवारी २०२१ रोजीं सकाळीं रैणीचें नांव पुन्हां सर्व वृत्तपत्रांत आलें. रोंटी शिखराच्या खांद्यावरून खडक व बर्फ यांचा सुमारें दोन कोटी सत्तर लाख घनमीटरांचा कडा सुटला, आणि चिखलाचा लोंढा ऋषिगंगेंतून धौलीगंगेंत धांवला. रैणीजवळचें वीजगृह नाहींसें झालें, खालीं तपोवनच्या प्रकल्पाच्या बोगद्यांत कामगार अडकले. दोनशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं वा बेपत्ता झालीं. विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हा कडा भूर्जाच्याहि फार वर, जेथें झाड उगवतच नाहीं तेथून सुटला. १९७४ मध्यें वांचविलेलें रान त्याला अडवूं शकत नव्हतें. कोणतेंच रान शकलें नसतें. झाडें मातीचा उतार धरतात, पहाडाचा माथा धरीत नाहींत. म्हणून झाडें लावलीं कीं नदीपात्रांत काहीहि बांधावें, हा हिशेब चुकीचा. १८९४ मध्यें तलाव भरावयास वर्ष लागलें व तारेनें इशारा देतां आला. २०२१ मध्यें कांहीं मिनिटांचाच अवधि होता, आणि पात्रांत शेकडों माणसें कामावर होतीं.

जोशीमठ हें शहरहि तेथून जवळच, जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलें. तेथें जड बांधकाम करूं नये, सुरुंग लावूं नयेत, झाडें तोडूं नयेत, असें एका शासकीय समितीनें १९७६ सालींच लिहून ठेवलें होतें. जानेवारी २०२३ मध्यें तेथील आठशेंहून अधिक इमारतींना भेगा पडल्या आणि कुटुंबांना घरें सोडावीं लागलीं.

रैणी गांवाखालची जमीनहि पुरानें पोखरली गेली. जून २०२१ मध्यें रस्ता खचला आणि तेथें उभारलेला गौरादेवीचा पुतळा काढून दुसरीकडे हलवावा लागला. पुराच्या त्या दिवसांत, पुन्हां पाणी येईल या भीतीनें, रैणीचे लोक पोराबाळांसह रात्रीं घरें सोडून वर रानांत जाऊन झोपत असत.